ऑर्किडची शेंग धरताना: नव्या संकरासाठी आणि मूळ जातीच्या जतनासाठी

परागपुंज (फुलातले परागाचे गोळे) काडीवर उचलण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: ही शेंग नवं फूल मिळवण्यासाठी धरायची आहे, की आहे ती जात टिकवण्यासाठी? काडी तीच, चिमटा तोच, बी रुजवायच्या बाटलीतलं पोषक माध्यमही तेच. पण रोपं निवडायची वेळ आली की दोन्ही कामांचे नियम उलटे होतात. संकर करणारा शंभर रोपांतली दोन ठेवतो आणि बाकीची काढून टाकतो. मूळ जात राखणाऱ्याने तसं केलं तर काही पिढ्यांनी त्याच्याकडे नाव जंगलातल्या जातीचं आणि झाड बागेत घडवलेलं, एवढंच उरतं. फूल गोल आणि मोठं झालेलं असतं, पण ज्या कीटकासाठी ते घडलं होतं त्याला ते आता ओळखूही येणार नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोन रंगांच्या लेबलपट्ट्या ठेवा, एक संकरांसाठी आणि एक मूळ जातींसाठी. बाकं वेगळी ठेवता आली तर उत्तमच. खाली परागणापासून कुंडीपर्यंतचं काम दोन्हींसाठी एकत्र सांगितलं आहे. वाटा जिथे फुटतात तिथे तसं स्पष्ट केलं आहे.

पालक झाडं

पालक म्हणून झाड घेण्याआधी विषाणूची तपासणी करा. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू लागवडीतल्या ऑर्किडमध्ये सर्वाधिक आढळतात, आणि बऱ्याच झाडांवर त्यांची खूणही दिसत नाही. पानाचा तुकडा चिरडून वापरायच्या तपासणीपट्ट्या मिळतात. हे विषाणू बियांतून सहसा उतरत नाहीत, पण कात्रीतून आणि चिमट्यातून हमखास पसरतात. प्रत्येक झाडानंतर हत्यार ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा किंवा एकदाच वापरायचं पातं घ्या. ओळीने दहा झाडं एकाच कात्रीने छाटणं ही बाग गमावण्याची सर्वात सोपी पद्धत आहे.

संकरासाठी पालक निवडताना 'दोन सुंदर फुलं' हा निकष अपुरा आहे. एका पालकाची उणीव दुसरा भरून काढतो का, ते पाहायचं. (फॅलेनॉप्सिस, व्हॅन्डा, कॅटलिया, डेंड्रोबियम, पॅफियोपेडिलम ही ऑर्किडच्या गटांची नावं; पुढचा शब्द त्या गटातली जात सांगतो.) फॅलेनॉप्सिस ॲमाबिलिसचा दांडा लांब आणि फूल मोठं, सपाट. फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिसमुळे दांड्याला फाटे फुटतात आणि लहान फुलं भरपूर येतात. फॅलेनॉप्सिस बेलिना आणि व्हायोलेसिया सुगंध आणतात, पण त्यांच्या दांड्यावर एका वेळी मोजकीच फुलं असतात. व्हॅन्डा सँडेरियानाकडून गोल, सपाट आकार मिळतो, तर व्हॅन्डा सेरूलियाकडून निळी जाळीदार छटा. मात्र सेरूलिया डोंगराळ थंडाव्यातली आहे, त्यामुळे सखल उष्ण हवेसाठी संकर करायचा तर दुसरा पालक उष्णता सोसणाराच हवा. कॅटलिया कॉक्सिनियाच्या बाबतीतही हेच: लाल रंग आणि ठेंगणेपणा हवा म्हणून ती वापरतात, पण तिचा थंडावाप्रिय स्वभावही सोबत येतो.

रंगाचा एक फसवा प्रकार कॅटलियामध्ये दिसतो. दोन शुभ्र झाडांचा संकर केला तर सगळी रोपं जांभळी फुलू शकतात. रंगद्रव्य तयार व्हायला किमान दोन जनुकं लागतात. एका पालकात पहिलं बिघडलेलं आणि दुसऱ्यात दुसरं बिघडलेलं असेल, तर संततीला दोन्हींची चांगली प्रत मिळते आणि रंग परततो. पांढरी संतती हवी असेल तर त्या दोन झाडांच्या जुन्या संकरांची नोंद आधी पाहा.

गुणसूत्रांची संख्या हा पुढचा अडसर. फॅलेनॉप्सिस आणि व्हॅन्डात साधारणपणे ३८, कॅटलिया आणि सिम्बिडियममध्ये ४० गुणसूत्रं असतात. मोठ्या, जाड पाकळ्यांचे अनेक आधुनिक संकर चतुर्गुणित आहेत, म्हणजे त्यांच्यात हे संच दुप्पट आहेत. चतुर्गुणिताचा साध्या द्विगुणिताशी संकर केला की त्रिगुणित रोपं येतात. ती जोमदार असतात, भरपूर फुलतात, पण पुढे बी जवळजवळ धरत नाहीत. बाजारासाठी फूल हवं असेल तर हरकत नाही. पण त्या रोपांवर पुढच्या पिढीची योजना आखली तर रिकाम्या शेंगा हाती येतात आणि वर्ष वाया जातं.

परागण

ऑर्किडच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच स्तंभ झालेला असतो. स्तंभाच्या टोकाला टोपीखाली परागपुंज असतात: फॅलेनॉप्सिस आणि व्हॅन्डात दोन, कॅटलिया आणि डेंड्रोबियममध्ये चार. त्याच्या खालच्या बाजूला, ओठासारख्या पाकळीकडे तोंड असलेली चिकट खळगी म्हणजे कुक्षी.

फूल उमलून तीन ते सात दिवस झालेले असावेत. पहिल्या दिवशी कुक्षी पुरेशी चिकट नसते, आणि फूल फार जुनं झालं की चिकटपणा आटतो. सकाळची वेळ निवडा. आई-झाडाच्या फुलातले परागपुंज आधी काढून टाका, म्हणजे चुकून स्वपरागण होणार नाही. आडवी येत असेल तर ओठाची पाकळी खुडा. मग स्वच्छ लाकडी काडीने बाप-झाडाच्या फुलाची टोपी खालून वर उचला. परागपुंज काडीला चिकटून येतात. टोपी आणि जमल्यास देठासारखा भाग वेगळा करून पिवळे पुंज कुक्षीच्या खळगीत दाबून बसवा. काडीला ते चिकटून राहत असतील, तर काडीचं टोक आधी कुक्षीच्या द्रवात बुडवून घ्या.

दोन फुलांच्या आकारात मोठा फरक असेल तर लहान फुलाला आई करा. लहान फुलाच्या परागनळ्या मोठ्या फुलाचा लांब स्तंभ आणि अंडाशय पार करायला कमी पडतात. उलट दिशेने तोच संकर अनेकदा सहज जमतो.

दोन्ही फुलं एका वेळी नसतील तर पराग साठवता येतो. टोपी काढलेले परागपुंज कागदाच्या छोट्या पुडीत ठेवा. पुडी सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, आणि बाटली फ्रिजमध्ये ४ °से. ला. असा पराग काही महिने सहज चालतो. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ थंड परागावर जमते आणि तो कुजतो.

लेबलवर आईचं नाव आधी, मग गुणिले चिन्ह, मग बापाचं नाव, आणि तारीख. पेन्सिलने लिहा, शाई उन्हात उडते. लेबल फुलाच्या देठालाच बांधा. कुंडीत खोचलेलं लेबल कुंडी बदलताना हमखास हरवतं.

शेंग पोसताना

परागण लागलं तर फॅलेनॉप्सिसचं फूल एक-दोन दिवसांत मलूल होतं, कुक्षी मिटते आणि स्तंभ फुगतो. व्हायोलेसियासारख्या काही जातींत पाकळ्या गळण्याऐवजी हिरव्या होऊन शेंगेवर टिकतात. तो रोग नाही. आठ-दहा दिवसांत देठ पिवळा पडून सगळंच गळलं, तर बहुधा ती दोन झाडं एकमेकांना चालत नाहीत. डेंड्रोबियमच्या अनेक जाती स्वतःचाच पराग नाकारतात, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या रोपाचाच पराग घ्या.

इथे ऑर्किडची एक विलक्षण गोष्ट लक्षात ठेवायला हवी. परागण होतं त्या दिवशी अंडाशयात बीजांडं तयारच नसतात. परागणाच्या इशाऱ्यानंतर ती घडू लागतात. फॅलेनॉप्सिसमध्ये प्रत्यक्ष फलनाला सुमारे दोन महिने लागतात. त्याआधी शेंग हिरवी, भरीव दिसली तरी आत पेरण्याजोगं काहीच नसतं. घाईने कापलेल्या शेंगेत चिकट, ओला, पांढरा लगदा मिळतो तो यामुळेच.

शेंग झाडाची ताकद ओढते. एका झाडावर एकच शेंग ठेवा, फार तर दोन. नुकती कुंडी बदललेल्या किंवा मुळं खराब झालेल्या झाडावर एकही नको. दांड्यावरची बाकीची फुलं काढून टाका.

हिरवी शेंग कापायच्या वेळा ढोबळमानाने अशा आहेत. तापमानाप्रमाणे त्या मागेपुढे होतात:

- उष्ण हवेतली डेंड्रोबियम: ३ ते ४ महिने
- फॅलेनॉप्सिस: ४ ते ५ महिने
- कॅटलिया: ५ ते ७ महिने
- व्हॅन्डा: ५ ते ७ महिने
- पॅफियोपेडिलम: ६ ते ८ महिने

हाताशी आकडा नसेल तर त्या जातीची शेंग तडकायला जितका काळ लागतो त्याचा दोन-तृतीयांश धरा. हिरव्या शेंगेचा फायदा असा की आतलं बी मुळातच निर्जंतुक असतं, त्यामुळे फक्त बाहेरचं कवच निर्जंतुक करावं लागतं. पॅफियोपेडिलममध्ये आणखी एक कारण आहे: पूर्ण पिकलेल्या बियांना सुप्तावस्था येते आणि रुजवण घसरते. पण बी साठवून ठेवायचं असेल तर शेंग झाडावर पूर्ण पिकू द्या. पिवळी पडू लागली की तिच्यावर पातळ कागदी पिशवी बांधा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, आणि एका मोठ्या शेंगेत ते लाखांच्या घरात भरतं. तडकलेल्या शेंगेतून वाऱ्याच्या एका झुळुकीबरोबर सगळं जातं.

माध्यम

ऑर्किडच्या बियात गर्भाला पोसणारा साठा जवळजवळ नसतो. निसर्गात बुरशी त्याला अन्न पुरवते. नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये हे ओळखलं. पुढे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की अगारच्या (माध्यम घट्ट करणाऱ्या पुडीच्या) माध्यमात साखर दिली तर बुरशीशिवायही बी रुजतं. आज बाटलीतून येणाऱ्या बहुतेक सगळ्या ऑर्किडचा पाया हाच शोध आहे. नडसन यांचं 'सी' माध्यम १९४६ मधलं. एक लिटरसाठी त्याचं प्रमाण असं:

- कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम
- अमोनियम सल्फेट ०.५ ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम
- पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२५ ग्रॅम
- फेरस सल्फेट २५ मिलिग्रॅम
- मँगनीज सल्फेट ७.५ मिलिग्रॅम
- साखर २० ग्रॅम

क्षार एकेक करून, आधीचा पूर्ण विरघळल्यावरच पुढचा घाला. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट घट्ट द्रावणात एकत्र आले की पांढरा साका खाली बसतो आणि ते अन्न रोपाला मिळत नाही. तयार पूड वापरायची तर मुराशिगे-स्कूग माध्यम निम्म्या ताकदीचं घ्या. पूर्ण ताकदीतले क्षार बहुतेक ऑर्किड-बियांना जड जातात.

पेरणीच्या माध्यमात लिटरला १०० ते १५० मिलिलिटर गाळलेलं शहाळ्याचं पाणी आणि १ ते २ ग्रॅम पेप्टोन (प्रथिनांपासून केलेली पूड) घातलं तर रुजवण सुधारते. केळं मात्र इथे नको. पिकलेलं केळं, लिटरला ५० ते ७५ ग्रॅम, हे पुढच्या बदलीच्या, म्हणजे रोपं ताज्या बाटलीत हलवतानाच्या, माध्यमासाठी. रोपं त्यावर छान मुळं धरतात, पण कोवळं बी त्यावर अडखळतं.

सगळं मिसळल्यावर सामू (पीएच) ५.२ ते ५.६ वर आणा आणि मगच अगार ७ ते ८ ग्रॅम आणि हवा असेल तर १ ते २ ग्रॅम सक्रिय कोळसा घाला. सामू ५ च्या खाली गेला की अगार घट्ट होत नाही. केळ्याच्या माध्यमात अगार एखाद ग्रॅम वाढवावा लागतो. उकळून अगार विरघळला की बाटल्या एक-चतुर्थांश भरा आणि झाकणं सैल ठेवून १२१ °से. वर २० मिनिटं वाफवा. ऑटोक्लेव्ह नसेल तर चांगल्या दाबाचा प्रेशर कुकर चालतो. त्यात वेळ २५ मिनिटं धरा, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर बाटलीतलं माध्यम उसळून झाकणाला लागतं आणि नेमक्या त्याच वाटेने बुरशी आत शिरते. भरलेल्या बाटल्या पेरणीआधी चार-पाच दिवस तशाच ठेवा. ज्यांत वाफवताना कसर राहिली असेल त्या तेवढ्यात उघड होतात.

पेरणी

स्थिर, निर्जंतुक हवा हवी. लॅमिनार फ्लो कॅबिनेट (गाळलेली हवा संथ सोडणारं कपाट) असेल तर उत्तम. नाहीतर हात घालायला भोकं असलेली पारदर्शक पेटी आतून ब्लीचच्या पाण्याने पुसून वापरा. पेटीत अल्कोहोलची वाफ साठलेली असताना ज्योत कधीही पेटवू नका. बंद जागेत भडका उडतो आणि हात आतच असतात.

हिरवी शेंग भांडी घासायच्या साबणाने ब्रशने धुवा, वाळलेल्या फुलाचं टोक छाटा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग, अशा द्रावणात शेंग १५ ते २० मिनिटं बुडवून ठेवा. मग कॅबिनेटमध्ये ती अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून सेकंदभर फिरवा. असं दोनदा करा. अल्कोहोलचं भांडं ज्योतीपासून हातभर लांब असावं. निर्जंतुक पात्याने दोन्ही टोकं उडवा, शेंग उभी चिरा आणि बी माध्यमावर विरळ झटका. शेंगेला केसाएवढी जरी तडा गेलेली असेल तरी तिला हिरवी शेंग समजू नका. ब्लीच आत झिरपून बी मारतं आणि बुरशी आधीच आत पोचलेली असते. तिचं बी सुकवून पुढच्या रीतीने पेरा.

सुकं बी पेरताना मोहरीच्या दाण्याएवढी चिमूट पुरते. गाळणकागदाच्या छोट्या पुडीत ती बांधा आणि साबणाचा एक थेंब घातलेल्या ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं हलवत राहा. साबण नसेल तर बियांभोवती हवेचे बुडबुडे राहतात आणि द्रावण पोचतच नाही. तपकिरी बी फिकट पडू लागलं की थांबा. नंतर निर्जंतुक पाण्यात तीनदा खळखळा.

पेरण्याआधी थोडं बी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची सवय लावून घ्या. पारदर्शक जाळीदार कवचात मधोमध अंडाकृती गर्भ दिसला तर ते बी भरलेलं. नुसती रिकामी कवचं दिसली तर पेरणीचा सगळा खटाटोप वाचतो.

बाटलीतले महिने

तापमान २५ °से. च्या आसपास, उजेड १,००० ते २,००० लक्स, रोज बारा ते सोळा तास. पॅफियोपेडिलम रुजेपर्यंत अंधारात ठेवा. दोन ते सहा आठवड्यांत बी फुगून हिरवी गुठळी होते, तिला प्रोटोकॉर्म म्हणतात. मग केसाळ मूलरोम, पहिलं पान, आणि शेवटी मूळ.

दोन-तीन महिन्यांनी गर्दी झाली की पहिली बदली करा. बदली लांबली तर गुठळ्यांमधून निघणाऱ्या फिनॉलने माध्यम तपकिरी होतं आणि कडेपासून रोपं मरू लागतात. ताज्या, कोळसा घातलेल्या माध्यमावर लगेच हलवणं हाच त्यावर उपाय. बुरशी लागली तर ती कुठे आहे ते बघा. बियांच्या भोवती पांढरट, ओघळणारं वलय असेल तर निर्जंतुकीकरण अपुरं पडलं. झाकणाच्या खाली किंवा माध्यमावर सुटा ठिपका असेल तर पेरताना हवेतून आलं. पहिल्या चुकीत त्या शेंगेच्या सगळ्याच बाटल्या संशयित ठरतात, दुसऱ्या चुकीत तेवढी एकच बाटली जाते.

याच बदलीत संकर आणि जतन यांची वाट पहिल्यांदा फुटते, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. चिमटा आपोआप सर्वात मोठ्या, हिरव्यागार गुठळ्यांकडे जातो. संकरासाठी ते ठीक. मूळ जातीसाठी ती नकळत झालेली निवड असते: गोड माध्यमावर, पंचवीस अंशांत, बुरशीशिवाय भराभर वाढणारीच रोपं पुढे जातात. जंगलात कदाचित याच्या उलट गुण लागत असतील. म्हणून मूळ जातीच्या बाटलीचा एक चतकोर ठरवा आणि त्यातल्या लहान-मोठ्या, लवकर-उशिरा रुजलेल्या सगळ्या गुठळ्या उचला. मागे राहिलेल्यांसाठी मूळ बाटली आणखी तीन-चार महिने ठेवून द्या.

संकरातही मागे पडलेलं जाड पानांचं रोप फेकण्याआधी थांबावं. चतुर्गुणित रोपं सुरुवातीला हळू वाढतात.

बाटलीबाहेर

पानं तीन ते पाच सेंटिमीटर आणि दोन-तीन चांगली मुळं झाली की रोप बाहेर यायला तयार. पेरणीपासून त्याला साधारण नऊ महिने ते दीड वर्ष लागतं. कोमट पाण्यात अगार पूर्ण धुऊन काढा. अगारातली साखर उरली तर तिच्यावर बुरशी माजते आणि आठवड्यात मुळं कुजतात. एकाच कुंडीत वीस-पंचवीस रोपं एकत्र लावा. ओलावा सगळ्यांना सारखा मिळतो आणि रोपं सुटी लावण्यापेक्षा लवकर सावरतात. फॅलेनॉप्सिससाठी स्फॅग्नम शेवाळ, कॅटलिया आणि डेंड्रोबियमसाठी ३ ते ६ मिलिमीटरचे झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे असतील तर ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातला क्षार काढून टाका.

पहिले दोन-तीन आठवडे हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्के आणि उजेड ५,००० लक्सच्या आसपास ठेवा, मग हळूहळू आर्द्रता उतरवा. बाटलीत वाढलेल्या पानांची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत रोप तासाभरात माना टाकतं. नवं मूळ दिसेपर्यंत खत नको. नंतर आठवड्यातून एकदा लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम संतुलित विद्राव्य खत द्या. वाढलेल्या फॅलेनॉप्सिसला १०,००० ते १५,००० लक्स, कॅटलियाला २०,००० ते ३०,००० आणि व्हॅन्डाला त्याहून जास्त उजेड लागतो. पहिलं फूल फॅलेनॉप्सिसला बाटलीबाहेर दोन-तीन वर्षांनी, कॅटलियाला पेरणीपासून चार ते सात वर्षांनी.

संकरातली निवड पहिल्या फुलावर करू नका. दुसऱ्या बहरानंतर फुलाचा टिकाऊपणा, दांड्याची मांडणी आणि झाडाचा जोम यांवर ठरवा. नव्या संकराचं नाव इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे नोंदवतात. ते नाव त्या दोन पालकांच्या सगळ्या संततीला लागू होतं, मग आई कोणती आणि बाप कोणता याने फरक पडत नाही.

मूळ जात राखताना

जंगलातून आणलेलं एक झाड आणि त्याची मेरिस्टेमपासून (वाढत्या कोंबाच्या टोकापासून) केलेली हजार रोपं म्हणजे जतन नव्हे. आनुवंशिक हिशेबात ते एकच झाड आहे. जातीच्या एकूण वैविध्यापैकी किती हाती लागेल हे सुरुवातीच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या झाडांच्या संख्येवर ठरतं. एका झाडाचं स्वपरागण केलं तर पुढच्या पिढीत सरासरी निम्मंच वैविध्य उरतं. पाच झाडांपासून सुरुवात केली तर ९० टक्के, बारांपासून सुमारे ९६ टक्के.

बारा झाडं असतील तर त्यांना क्रमांक द्या आणि साखळीने परागण करा: पहिल्यावर दुसऱ्याचा पराग, दुसऱ्यावर तिसऱ्याचा, आणि बाराव्यावर पहिल्याचा. प्रत्येक झाड एकदा आई आणि एकदा बाप होतं. शेंगा वेगवेगळ्या पेरा, बाटल्यांवर क्रमांक ठेवा, आणि प्रत्येक शेंगेतून सारखीच रोपं पुढे न्या, समजा दहा. एका शेंगेतून पाचशे रुजली आणि दुसरीतून पंधरा, तरी दोन्हींतून दहाच. प्रत्येक कुटुंबाचा वाटा सारखा ठेवला तर वैविध्य गळण्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. कोणती दहा, हे फूल बघून ठरवू नका. चिठ्ठ्या टाका. वाकडी पाकळी, फिकट रंग, लहान फूल, सगळं राहू द्या.

वेगवेगळ्या डोंगरांवरून किंवा बेटांवरून आलेली एकाच जातीची झाडं सरसकट मिसळू नका. त्यांचा फुलण्याचा हंगाम आणि उष्णतेची सवय वेगळी असू शकते. मूळ ठिकाण माहीत नसलेली झाडं संकराच्या बाकावर द्या. ती फुलांसाठी उपयोगी आहेत, जंगलात परत लावण्यासाठी नाहीत. शेजारी संकर फुललेले असतील तर परागण करायच्या फुलांवर जाळीची पिशवी चढवा.

बी साठवणं हा सर्वात स्वस्त विमा आहे. पूर्ण पिकलेलं बी कागदी पाकिटात घालून सिलिका जेलच्या सान्निध्यात आठवडाभर सुकवा, छोट्या काचेच्या कुप्यांत घट्ट बंद करा. एक-दोन वर्षांसाठी ४ °से. पुरतं, त्याहून जास्त काळासाठी उणे २० °से. एकाच शेंगेचं बी अनेक कुप्यांत विभागा, म्हणजे दर वर्षी एकच कुपी उघडून रुजवण तपासता येते. नुसता उन्हात सुकवून खोलीत ठेवलेला साठा उष्ण, दमट हवेत काही आठवड्यांत निकामी होतो.

कायद्याकडे दुर्लक्ष करून जतन होत नाही. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय करारात ऑर्किडचं सबंध कुळ आहे. पॅफियोपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम या प्रजाती त्याच्या सर्वात कडक पहिल्या परिशिष्टात, बहुतेक बाकी दुसऱ्या परिशिष्टात. निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना त्यात सूट आहे, ती कृत्रिम लागवडीला उत्तेजन मिळावं म्हणून. पेरूमधल्या फ्रॅग्मिपेडियम कोवाचीचं वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तिचं मूळ ठिकाण अल्पावधीत ओरबाडलं गेलं, कारण मागणी प्रचंड होती आणि बाटलीतलं एकही रोप कुठे नव्हतं. मूळ जातींची जास्तीची रोपं म्हणूनच दडवून ठेवू नयेत. पालकांच्या क्रमांकासह ती संग्राहकांना द्यावीत. प्रत्येक बाटलीतलं रोप जंगलातल्या एका झाडावरचा हात थोडा तरी आखडता करतं.

जंगलात परत

परत लावायच्या रोपांसाठी बुरशीसह रुजवण अधिक चांगली. त्याच जातीच्या तरुण मुळाचा पातळ काप घेतला की पेशींत बुरशीच्या तंतूंची वेटोळी दिसतात. ती निर्जंतुक पाण्यात सुटी करून अगारवर वाढवा. बहुतेक वेळा टुलास्नेला किंवा सेराटोबॅसिडियम गटातली बुरशी मिळते. लिटरला अडीच ते चार ग्रॅम ओटची पूड आणि अगार, साखर अजिबात नाही, अशा माध्यमावर बी पसरून मधे बुरशीचा छोटा तुकडा ठेवतात. साखर घातली तर बुरशी बियांवरच उलटते.

झाडांवर वाढणारी रोपं पावसाच्या सुरुवातीला, खरखरीत सालीच्या आणि साल न टाकणाऱ्या झाडांवर, खोडाच्या सावलीच्या बाजूने बांधा. कुजणारी सुतळी किंवा सुती पट्टी वापरा, तार नको. सिंगापूर बोटॅनिक गार्डन्सने १९९५ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात ग्रॅमॅटोफायलम स्पेशिओसम ही वाघ-ऑर्किड बाटलीतून वाढवून रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर पुन्हा लावली गेली. इतक्या मोठ्या वाढीच्या जातीला फांदीही तेवढीच भक्कम लागते, हे जागा निवडतानाच पाहायचं असतं. संकराचं एकही रोप, कितीही देखणं असलं तरी, जंगलाच्या कडेला लावू नका. त्याचा पराग शेजारच्या मूळ झाडांवर पोचतो आणि तो परत काढता येत नाही.

लावल्यावर पहिल्या वर्षी दर महिन्याला जिवंत रोपं मोजा, नंतर फुलण्याच्या हंगामात. चार आकडे वेगवेगळे लिहा: किती जगली, किती फुलली, किती फुलांवर हात न लावता शेंग धरली, आणि कुणीही न लावलेलं नवं रोप सालीवर दिसलं का. तिसरा आकडा वर्षानुवर्षं शून्य राहत असेल तर तिथे परागण करणारा कीटक उरलेला नाही. मग आणखी रोपं बांधण्याआधी त्या कीटकाला लागणारी झुडपं आणि घरट्याची जागा आधी पाहावी लागते.